बंदूक कुलपात ठेवण्याचा कायदा: विधेयक हाती आलं तर काय वाचायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत एखाद्या राज्यात घरातली बंदूक कुलपात ठेवणं सक्तीचं करणारं विधेयक येतं. समर्थक म्हणतात, मुलांचे जीव वाचतील. विरोधक विचारतात, रात्री दोन वाजता कुणी दार फोडलं तर माणूस किल्ली शोधत बसणार का? ज्यांच्या घरी बंदूक नाही, पण ज्यांची मुलं शेजारीपाजारी खेळायला जातात, अशा तिथल्या मराठी पालकांनी यावर मत कसं बनवायचं?

नुसत्या ‘हवा की नको’वर वाद घातला तर तो संध्याकाळभर चालतो आणि हाती काही लागत नाही. विधेयकाचा मसुदा उघडा आणि त्यात पाच गोष्टी शोधा: कोणती बंदूक, किती वयाचं मूल, मालकाला काय ठाऊक असायला हवं, कुलूप कशाला म्हणायचं, आणि गुन्हा कोणत्या क्षणी पूर्ण होतो. हे कायदे बहुधा छोटे असतात, पण या पाचपैकी एका जागी ढिलाई राहिली तरी कायदा कागदावरच राहतो. नेमक्या कुठल्या जागी कायदा फसला, हे दाखवणाऱ्या घटना अमेरिकेत घडून गेल्या आहेत.

पहिली जागा ‘भरलेली’ या अटीची. जानेवारी २०१८ मध्ये कनेटिकटमधल्या गिलफर्ड इथे १५ वर्षांचा मुलगा मित्राच्या घरी, मित्राच्या वडिलांच्या पिस्तुलातून सुटलेल्या गोळीने गेला. पिस्तुलं कपाटात एका डब्यात होती. त्यांना ट्रिगर लॉक, म्हणजे ट्रिगर दाबू न देणारी कुलपं होती, पण लॉकच्या किल्ल्या आणि काडतुसं त्याच डब्यात होती. त्या वेळचा कनेटिकटचा कायदा फक्त भरलेल्या बंदुकीला लागू होता. बंदूक ठेवताना भरलेली होती हे सिद्ध करता येत नाही, म्हणून मालकावर या कायद्याखाली आरोपच ठेवता आला नाही. गोळी सुटली त्या क्षणी बंदूक भरलेली असणारच, पण ती मालकाने भरून ठेवली की मुलांनी भरली, हे सांगणारा साक्षीदार एक तर मूल असतो नाहीतर तो हयात नसतो. २०१९ मध्ये तिथे गेलेल्या मुलाच्या नावाने ‘ईथन्स लॉ’ आला. त्याने बंदूक भरलेली असो वा रिकामी, आणि मूल १८ वर्षांखालचं, अशी दुरुस्ती केली. मसुद्यात नुसतं ‘भरलेली बंदूक’ असेल, तर सरकारी वकिलाच्या हाताशी पुरावा राहणार नाही हे धरून चाला. उलट ‘कोणतीही बंदूक’ असं लिहिलं तर आजोबांची भिंतीवर टांगलेली, काडतुसं मिळत नाहीत अशी जुनी रायफलही त्यात येते. त्यासाठी बहुतेक मसुद्यांत प्राचीन किंवा कायमची निकामी केलेली शस्त्रं वगळणारं कलम असतं. ते आहे ना, एवढं बघावं.

‘भरलेली’ या अटीमागे एक तांत्रिक गोष्टही आहे, आणि वादात बोलणाऱ्या बऱ्याच जणांना ती ठाऊक नसते. अर्धस्वयंचलित पिस्तुलातून मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची डबी, काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीमागच्या खोबणीत, एक गोळी राहू शकते, आणि अनेक पिस्तुलं मॅगझिन नसतानाही ती गोळी झाडतात. मॅगझिन बाहेर दिसलं की पोरांना, आणि मोठ्यांनाही, बंदूक रिकामी वाटते. रिकामी करण्याचा क्रम ठरलेला आहे: नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून दूर, आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण मागे ओढून चेंबरमधली गोळी बाहेर पाडायची, मग स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी आणि बोटानेही तपासायचा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझिन काढलं, तर पहिली गोळी बाहेर पडते आणि स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी चेंबरमध्ये बसते. मालक शपथेवर ‘मी रिकामी केली होती’ म्हणतो, आणि त्याला तसं खरंच वाटत असतं. म्हणून बंदूक रिकामी ठेवण्यावर विसंबणारा कायदा दुबळा. कुलपावर विसंबणारा कायदा माणसाची एक चूक पोटात घेऊ शकतो.

दुसरी जागा वयाची. टेक्ससमध्ये १९९५ पासून असा कायदा आहे, पण त्यात मूल म्हणजे १७ वर्षांखालचं. मे २०१८ मध्ये सांता फे हायस्कूलमध्ये दहा जणांना मारणारा विद्यार्थी नेमका १७ वर्षांचा होता. बंदुका वडिलांच्या, तरी हा कायदा आईवडिलांना लागूच झाला नाही. पुढे दिवाणी दावा चालला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ज्युरीने पालकांना जबाबदार धरलं नाही. फ्लोरिडाचा कायदा देशातला पहिला, १९८९ चा. त्यात मूल म्हणजे १६ वर्षांखालचं. जानेवारी २०२३ मध्ये न्यूपोर्ट न्यूज इथे सहा वर्षांच्या मुलाने वर्गात शिक्षिकेवर गोळी झाडली, तेव्हा व्हर्जिनियाच्या कायद्यात ही मर्यादा १४ होती.

वयाचा आकडा बदलला की कायदा कोणता धोका अडवणार तेच बदलतं. चिमुरड्यांचे अपघात अडवायचे असतील तर १२ किंवा १४ सुद्धा पुरेल. पण शाळेतले हल्ले आणि मुलांच्या आत्महत्या यांत १४ ते १७ हा वयोगट महत्त्वाचा आहे. १६ ची मर्यादा घालून ‘शाळा सुरक्षित होतील’ असं भाषण करणाऱ्या आमदाराला हा प्रश्न सभेतच विचारावा.

तिसरी जागा मालकाच्या जाणिवेची. बहुतेक राज्यांत भाषा साधारण अशी असते: अल्पवयीन मूल तिथे येण्याची किंवा बंदूक त्याच्या हाती लागण्याची शक्यता मालकाला माहीत होती, किंवा समंजस माणसाला माहीत असायला हवी होती. हा दुसरा अर्धा भाग गेला आणि फक्त ‘जाणूनबुजून’ उरलं, तर कायदा मेला समजा, कारण जवळजवळ प्रत्येक मालक म्हणतो, ‘त्याला जागा माहीतच नव्हती.’ यावर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नेमका आहे. अलाबामात पालक आणि मुलं यांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारले. ‘बंदूक कुठे आहे हे मुलाला माहीत नाही’ असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांनी उलट सांगितलं. ‘मुलाने बंदुकीला कधी हात लावलेला नाही’ म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांच्या मुलांनी, लावला आहे, असं सांगितलं. उंच फडताळ, गादीखालची जागा, कपड्यांच्या घडीत दडवलेलं पिस्तूल, हे मुलांपासून लपत नाही. दिवाळीच्या फराळाचा डबा कुठे ठेवलाय हे ज्या घरात मुलांना दुसऱ्या दिवशी कळतं, त्या घरातल्या पालकांना हे पटवून द्यावं लागू नये.

मॅसॅच्युसेट्स आणि ओरेगॉन (२०२१) वेगळ्या वाटेने गेले. तिथे घरात मूल आहे की नाही हा प्रश्नच नाही. बंदूक अंगावर किंवा ताब्यात नसेल तर ती कुलपात असली पाहिजे. कॅलिफोर्नियाचा २०२४ चा कायदाही, जो १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला, याच दिशेचा आहे. सिद्ध करायला हा प्रकार सोपा, शिवाय चोरीलाही थोडा आळा घालतो. पण एकट्या राहणाऱ्या म्हातारीलाही तो लागू होतो, आणि विरोधाची धार इथेच सर्वांत तीव्र असते.

आता चौथी जागा, कुलूप. मसुदे लिहिणारे इथे ‘मान्यताप्राप्त सुरक्षा साधन’ एवढं लिहून मोकळे होतात, आणि घरात प्रत्यक्षात चुका होतात त्या इथेच.

केबल लॉक सर्वांत स्वस्त, बहुतेक वेळा फुकट. पिस्तूल रिकामं करून, स्लाइड मागे अडकवून केबल काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीतून आत घालायची आणि मॅगझिनच्या जागेतून खाली काढायची. मग स्लाइड पुढे जाऊ शकत नाही आणि मॅगझिनही बसत नाही. म्हणजे हे कुलूप लागलंय याचा अर्थच बंदूक रिकामी आहे, हा त्याचा मोठा गुण. केबल नुसती ट्रिगर गार्डमधून ओवली तर त्याचा काही उपयोग नाही, आणि अनेक घरांत ती तशीच दिसते. ट्रिगर लॉक म्हणजे ट्रिगरच्या दोन्ही बाजूंनी बसणारा चिमटा. तो भरलेल्या बंदुकीवर लावायचा नसतो. बसवताना किंवा काढताना ट्रिगर दाबला जाण्याचा धोका असतो, आणि उत्पादक स्वतःच तसा इशारा देतात. ‘भरलेली ठेवतो पण ट्रिगर लॉक लावतो’ ही सोय वाटते, प्रत्यक्षात ती घरातली सर्वांत वाईट व्यवस्था.

झटपट उघडणारी छोटी पेटी, म्हणजे बटणांची किंवा बोटाच्या ठशाची, पलंगाशेजारी ठेवतात. ‘रात्री दोन वाजता’च्या आक्षेपाला हेच खरं उत्तर आहे, कारण सराव असेल तर ती काही सेकंदांत उघडते. पण तिच्याही खोडी आहेत. पातळ पत्र्याची पेटी चोर उचलूनच नेतो. ती फळीला किंवा भिंतीतल्या लाकडी खांबाला जाड स्क्रूने आतून आवळावी लागते, निदान सोबत आलेल्या पोलादी दोरीने पलंगाच्या लोखंडी सांगाड्याला बांधावी लागते. बॅटरी संपते, म्हणून ती वर्षाला ठरलेल्या तारखेला बदलायची. बॅटरी संपल्यावर वापरायची जादा किल्ली घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात टांगली तर पेटीला अर्थ उरत नाही. आणि बोटाच्या ठशाच्या पेट्यांचा एक दोष असा निघाला की काही पेट्या मालकाचा ठसा नोंदवेपर्यंत कुणाच्याही बोटाने उघडत होत्या. नोंदणी अर्धवट राहिली तर मालकाच्या बोटाने ती उघडते आणि त्याला वाटतं सगळं ठीक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने अशा सुमारे ६१,००० पेट्या परत मागवल्याचं जाहीर केलं. त्यामागे १२ वर्षांच्या मुलाचा मृत्यूही होता. तपासणी सोपी आहे: नोंद न केलेलं बोट, दुसऱ्या कुणाचं तरी, लावून बघायचं. पेटी उघडली तर ती वापरायची नाही.

मोठ्या कपाटांना अमेरिकेत सर्रास ‘सेफ’ म्हणतात, पण त्यांतली बरीचशी यूएल या चाचणी संस्थेच्या ‘निवासी सुरक्षा पेटी’ या मानकाची असतात. त्याच्या मूळ पातळीची कसोटी म्हणजे एका माणसाने साध्या हातहत्यारांनी पाच मिनिटं प्रयत्न करूनही ती उघडू नये. मुलांसाठी एवढं भरपूर, सराईत चोरासाठी नाही. जर्मनीत याच्या पुढची पायरी आहे. जुलै २०१७ पासून नवीन कपाट युरोपीय मानक ११४३-१ च्या शून्य दर्जाचं तरी हवं, आणि ते २०० किलोपेक्षा हलकं असेल तर त्यात पाचपेक्षा जास्त आखूड नळीची शस्त्रं ठेवता येत नाहीत. अमेरिकी विधेयकात वजन आणि मानक यांचा इतका तपशील सापडणार नाही. माझ्या मते तो असूही नये, कारण महागडं मानक घातलं की लोक कायदा पाळण्याऐवजी गप्प बसतात. पण ‘पेटी, केबल किंवा ट्रिगर लॉक, यांपैकी काहीही’ असं लिहिताना ‘किल्ली, आकडा किंवा ठसा मुलाच्या आवाक्यात नसावा’ हे वाक्य हवंच. गिलफर्डमध्ये नेमकी तीच फट होती.

मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलच्या खटल्यात हे सगळं एकत्र दिसलं. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी १५ वर्षांच्या विद्यार्थ्याने चार जणांना मारलं. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी घेतलं होतं. सोबत मिळालेलं केबल लॉक वेष्टनही न उघडता पडलेलं आढळलं, आणि घरातल्या दुसऱ्या बंदुकांच्या पेटीचा आकडा कारखान्यातून येतो तोच, ०-०-०, होता. तेव्हा मिशिगनमध्ये बंदूक कुलपात ठेवण्याचा कायदा नव्हता. तरी आई आणि वडील दोघंही २०२४ मध्ये निष्काळजीपणाने मनुष्यवध केल्याच्या आरोपात दोषी ठरले आणि प्रत्येकाला १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली.

ते केबल लॉक तिथे आलं कसं, तेही सांगतो. २००५ च्या संघीय कायद्यानुसार परवानाधारक विक्रेत्याने हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) विकताना सोबत कुलूप किंवा सुरक्षित साठवणीचं साधन द्यावंच लागतं. ग्राहकाने ते वापरावं, असं मात्र त्यात कुठेही म्हटलेलं नाही. त्याच कायद्यात एक चांगलं कलम आहे: ज्याने साधन वापरलं होतं, त्याची बंदूक कुणी परवानगीशिवाय मिळवून गुन्हा केला तर मालकाला ठरावीक दिवाणी दाव्यांपासून संरक्षण. राज्याच्या विधेयकात असं कलम आहे का ते पाहा. शिक्षेच्या भीतीपेक्षा ‘कुलूप लावलंत तर तुम्ही सुटाल’ हे आश्वासन बंदूकधारकांना लवकर पटतं.

पाचवी जागा म्हणजे गुन्हा पूर्ण होतो तो क्षण. याचे तीन टप्पे असतात. मुलाच्या हाती बंदूक लागू शकली असती, एवढ्यावर गुन्हा होतो का? हाती लागल्यावर होतो का? की त्याने ती बाहेर नेली, दाखवली किंवा झाडली, तरच होतो? मिशिगनचा नवा कायदा, जो १३ फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहे, परिणामानुसार चढत जातो: मुलाने बंदूक घेऊन सार्वजनिक ठिकाणी दाखवली तर ९३ दिवसांपर्यंत कैद, कुणी जखमी झालं तर ५ वर्षं, शरीराची गंभीर हानी झाली तर १०, मृत्यू झाला तर १५ वर्षांपर्यंत. चढती शिक्षा न्याय्य वाटते. पण लक्षात घ्या, काहीच न घडलेल्या घरात तिचा हात पोचत नाही. पहिल्या टप्प्यावर गुन्हा ठरवणारे कायदे कागदावर जास्त प्रतिबंधक आहेत, मात्र ते कळणार कुणाला? अमेरिकेत चौथ्या घटनादुरुस्तीमुळे पोलीस वॉरंटशिवाय घरात शिरून कपाट तपासू शकत नाहीत.

जर्मनीत हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला आहे. मार्च २००९ मध्ये विनेन्डेन इथे १७ वर्षांच्या मुलाने १५ जणांना मारलं. वडिलांच्या बाकीच्या बंदुका कपाटात बंद होत्या, पण बेरेटा पिस्तूल शयनगृहात उघडं होतं. त्यानंतर तिथे परवानाधारकाच्या घरी पूर्वसूचना न देता साठवण तपासण्याची मुभा प्रशासनाला मिळाली. दार उघडायला मालक नकार देऊ शकतो, पण मग त्याच्या परवान्याच्या पात्रतेवर प्रश्न येतो. अमेरिकेत बहुसंख्य राज्यांत घरी बंदूक ठेवायला परवानाच लागत नाही, त्यामुळे ‘परवाना जाईल’ हा धाकही तिथे नाही. ‘जर्मनीसारखं करा’ म्हणणाऱ्याने आधी ही अडचण सोडवून दाखवावी.

मग तपासणीशिवाय हे कायदे काम करतात का? पुरावा असा आहे. १९९७ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १२ राज्यांचा अभ्यास आला. १५ वर्षांखालच्या मुलांचे अपघाती गोळीने होणारे मृत्यू कायद्यानंतर २३ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यात दिसलं. २००० च्या एका फेरतपासणीत या घटीचा मोठा वाटा फ्लोरिडाचा निघाला, जिथे मृत्यू किंवा जखम झाल्यास गुन्हा गंभीर श्रेणीत जातो. २००४ च्या अभ्यासात १४ ते १७ वयाच्या मुलांच्या आत्महत्या ८.३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. विरोधी बाजूचा २००१ चा जॉन लॉट आणि जॉन व्हिटली यांचा अभ्यास म्हणतो की अपघात कमी झाले नाहीत, उलट गुन्हे वाढले. रँड ही अमेरिकेतली संशोधन संस्था सगळे अभ्यास एकाच कसोटीने तपासते. मुलांच्या हाती बंदूक लागू न देणारे कायदे तरुणांच्या आत्महत्या आणि अपघाती इजा कमी करतात, या निष्कर्षाला तिने आपली सर्वांत वरची श्रेणी दिली आहे. बंदूकविषयक धोरणांत ही श्रेणी फार थोड्यांना मिळते. माझं मतही इथेच आहे: परिणाम खरा आहे, प्रचारात सांगतात तेवढा मोठा नाही.

आकडे वाचताना एक सावधगिरी. मुलाने खेळता खेळता भावाला गोळी घातली तर मृत्यूच्या दाखल्यावर ते कधी अपघात म्हणून येतं, कधी मनुष्यवध म्हणून. त्यामुळे ‘अपघाती मृत्यू तर इतके थोडेच’ हा युक्तिवाद थोडा डळमळीत पायावर उभा असतो.

कायदा काम करतो तो तपासणीने नाही, तर बालरोगतज्ज्ञ, विक्रेता, शाळा यांच्या तोंडून. म्हणून विधेयकात दंडाच्या कलमापेक्षा विक्रेत्याने लावायच्या फलकाचं, फुकट कुलपांच्या निधीचं आणि शाळेतून पालकांना जाणाऱ्या सूचनेचं कलम मी आधी वाचेन. फ्लोरिडाने २०११ मध्ये उलटं केलं होतं, डॉक्टरांना बंदुकीबद्दल विचारण्यावरच निर्बंध घातले होते. संघीय अपील न्यायालयाने २०१७ मध्ये त्यातला मुख्य भाग रद्द केला.

राज्यघटनेचा मुद्दा टाळता येत नाही, कारण अमेरिकेत बंदूक बाळगण्याचा हक्क दुसऱ्या घटनादुरुस्तीत आहे. २००८ च्या हेलर निकालात सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन शहराचा जो कायदा पाडला, त्यात घरातली बंदूक सुटी करून किंवा ट्रिगर लॉक लावूनच ठेवण्याची अट होती, आणि स्वसंरक्षणासाठी ती वापरण्याजोगी करायला वाव नव्हता. त्याच निकालात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी असंही लिहिलं की अपघात टाळण्यासाठी केलेल्या साठवणीच्या कायद्यांना या विवेचनामुळे बाध येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा नियम, अंगावर नसेल तर हँडगन कुलपात, नवव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने २०१४ मध्ये टिकवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्यात हात घातला नाही, मात्र थॉमस आणि स्कॅलिया यांनी असहमती नोंदवली. २०२२ च्या ब्रूएन निकालाने कसोटीच बदलली: आजच्या निर्बंधाला इतिहासात आधार हवा. मग १७८३ चा बॉस्टनचा नियम पुढे येतो, ज्याने घरात भरलेलं शस्त्र ठेवायला मनाई केली होती. हेलरमध्ये न्यायमूर्ती ब्रायर यांनी असहमतीत तो मांडला होता. बहुमताने तो बाजूला ठेवला, कारण त्याचा हेतू आगीच्या वेळी बंदुकीच्या दारूच्या स्फोटापासून बंबवाल्यांना वाचवणं हा होता. २०२४ च्या रहिमी निकालात न्यायालयाने सांगितलं की हुबेहूब जुना कायदा सापडायची गरज नाही, तत्त्व जुळलं तरी चालतं. मसुदा लिहिणाऱ्यासाठी यातून एकच काम निघतं: ‘अंगावर किंवा तत्काळ ताब्यात असताना कुलूप लागू नाही’ हा अपवाद स्पष्ट लिहायचा. तो नसेल तर विधेयक हेलरच्या दगडावर आपटेल.

विरोधकांचे तीन आक्षेप मात्र खरे आहेत, आणि समर्थकांनी ते आधीच मान्य केले तर वाद पुढे सरकतो.

खर्चाचा आक्षेप पहिला. केबल लॉक फुकट मिळतं, पण झटपट उघडणारी बरी पेटी शंभर डॉलरच्या पुढे जाते. व्हर्जिनियाने २०२३ मध्ये अशा साधनांसाठी ३०० डॉलरपर्यंत करसवलत दिली. ती परतावा न देणारी असल्याने ज्याला करच भरावा लागत नाही, त्या गरिबाच्या हाती काही येत नाही. निधी द्यायचाच तर सरळ पेट्या वाटाव्यात.

दुसरा आक्षेप खटले कुणावर चालतील याचा. मूल गमावलेल्या आईवर आरोप ठेवायला सरकारी वकील कचरतात, आणि मग कुणावर ठेवायचा हे त्यांच्या मर्जीवर जातं. फ्लोरिडाच्या कायद्यात घरच्याच माणसाकडून मुलाला अपघाताने गोळी लागली असेल तर सात दिवस अटक करता येत नाही. असं कलम मला शहाणपणाचं वाटतं.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात; २०२१ मध्ये ४८,८३० पैकी २६,३२८. त्यांतले बहुसंख्य प्रौढ असतात आणि कुलपाची किल्ली त्यांच्याच खिशात असते. मुलांपासून संरक्षण देणारा कायदा तिथे अपुरा पडतो. या मृत्यूंसाठी उपयोगी पडते ती तात्पुरती बंदूक घराबाहेर ठेवायची सोय: विक्रेत्याकडे, पोलीस ठाण्यात किंवा मित्राकडे. काही राज्यांत मित्राच्या हाती बंदूक देणं हेच हस्तांतर ठरतं आणि पार्श्वभूमी तपासणी लागते. विधेयकात संकटकाळातल्या अशा तात्पुरत्या हस्तांतराला सूट नसेल, तर मदत करणारा मित्रच गुन्हेगार ठरू शकतो. हे कलम चर्चेत सहसा कुणी काढत नाही, आणि मी एकच दुरुस्ती सुचवू शकत असेन तर हीच सुचवेन.

मराठी घरांसाठी दोन व्यवहार्य गोष्टी. भारतात, महाराष्ट्रातही, परवान्याच्या शस्त्राची पद्धत पाहिलेल्यांना निवडणूक जाहीर झाली की बंदूक ठाण्यात जमा करायची सवय ठाऊक असते. अमेरिकेत तसं काहीही गृहीत धरू नये, शेजारच्या घरात काय आहे याची नोंद बहुतेक ठिकाणी कुठेच नसते. म्हणून मूल कुणाकडे खेळायला किंवा रात्री मुक्कामाला पाठवताना, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आणि पाळीव कुत्रा यांच्या यादीतच विचारायचं: ‘घरी बंदूक आहे का, आणि असेल तर कुलपात आहे ना? किल्ली कुठे असते?’ तिसरा प्रश्न वगळू नका. तिथल्या पालकांना हे विचारलेलं सहसा वावगं वाटत नाही, आपल्याकडच्यांनाच संकोच वाटतो. उत्तर टोलवाटोलवीचं आलं, तर मुलांना आपल्याच घरी बोलवायचं.

आणि घरी बंदूक घ्यायचीच ठरली असेल तर पेटी आधी घ्या, बसवा, मूळ आकडा बदला, नोंद न केलेल्या बोटाने तपासा, आणि मग बंदूक आणायला जा. मुलांना वाढदिवस, गाडीचा क्रमांक, फोनचा आकडा सगळं पाठ असतं, तेव्हा यांपैकी काहीही पेटीचा आकडा म्हणून वापरू नका. मूल मोठं झालं, समंजस झालं म्हणून त्याला आकडा सांगण्याचा मोह १५-१६ च्या वयात होतो. नेमक्या त्याच वयात तो आकडा त्याच्याकडे असता कामा नये.